वही, फोन की मनगटावरचा बँड?

व्यायामाची नोंद ठेवायला पावलं आणि नाडी मोजणारा बँड कुठला घ्यावा, हा प्रश्न बहुतेकांना सगळ्यात आधी पडतो. खरं तर तो शेवटचा आहे. चालणं वाढवायचंय, ताकद कमवायचीय की वजन उतरवायचंय, यावर साधन ठरतं.

नुसतं चालायचं असेल तर खिशातला फोन पुरतो. पण तो खिशातच हवा. चार्जिंगला लावून घरभर फिरलात तर ती पावलं गेली. साडी किंवा बिनखिशाचा कुर्ता घालून दिवसभर घरात वावर असेल, तर बँड उजवा. त्याची चूक वेगळीच: हात हलला की त्याला पाऊल वाटतं. कणीक मळतानाही आकडा वाढू शकतो, आणि बाबागाडी ढकलत दोन किलोमीटर चाललात तरी हात स्थिर म्हणून बरीच पावलं गळतात.

दहा हजार पावलांच्या आकड्याला फार मान देऊ नका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या 'मानपो-केई' या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं यंत्र'. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगत नाही, मिनिटं सांगते: आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३००, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. मिनिटाला साधारण शंभर पावलं म्हणजे मध्यम वेग. आधी आठवडाभर काहीही न बदलता स्वतःची सरासरी काढा, मग रोज त्या सरासरीपेक्षा हजार पावलं जास्त चाला. दहा मिनिटांचं काम आहे.

ताकदीच्या व्यायामात मात्र चाळीस रुपयांची वही महागड्या घड्याळाला हरवते. डंबेलवर मूठ आवळली की मनगटाचे स्नायू ताणले जातात, बँडखालचा सेन्सर त्वचेवरून सरकतो आणि नाडीचा आकडा भरकटतो. वहीत एक ओळ पुरे: तारीख, व्यायाम, ५ किलो, ३ × १० (म्हणजे तीन सेट, प्रत्येकात दहा वेळा). तिन्ही सेटमध्ये १२ जमले की वजन वाढवायचं. घरात पुढचा डंबेल थेट साडेसातचा असेल तर खांद्याच्या व्यायामाला ही उडी मोठी होते. तिथे आधी १५ पर्यंत जा. सूर्यनमस्कार घालत असाल तर डावा-उजवा मिळून एक धरायचा की दोन, हे पहिल्या पानावरच लिहून ठेवा. वहीचा शत्रू एकच, रविवारी बसून आठवड्याच्या नोंदी आठवून भरणं. त्या नोंदी कल्पनेतल्या असतात. म्हणून पेन वहीलाच बांधा आणि वही चटईशेजारी ठेवा, कपाटात नको.

वजनासाठी काटा लागतोच, पण तो एकटा छळतो. खारट जेवण झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढ सहज दिसते. ते पाणी असतं. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. जोडीला शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पंधरवड्यातून एकदा मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानली जाते. काटा अडला तरी टेपवर कंबर कमी झालेली दिसू शकते. बँडवरचा 'जाळलेल्या कॅलरीं'चा आकडा मात्र ढोबळ अंदाज असतो, त्याच्या भरवशावर वडापाव वाढवू नका.

मग बँड कुणी घ्यावा? पळणाऱ्यांनी, ज्यांना नाडीचा वेग बघून गती राखायची आहे त्यांनी. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधा. साधा बँड एका चार्जिंगवर आठवडाभर टिकतो, मोठ्या पडद्याची बरीच घड्याळं एक-दोन दिवसच. ती रात्री चार्जिंगला लावली तर झोपेची नोंद हुकते, म्हणून आंघोळीची वेळ चार्जिंगला द्या.