जुनी क्लच प्लेट मागून घेतली, तरी फसलो

गाडीचं काम करून घेतलं की जुना पार्ट मागून घ्यायचा, हे मला वडिलांनी शिकवलं. त्यांच्या स्कूटरच्या काळापासून मी ते पाळत आलोय. गेल्या वर्षी याच सवयीच्या भरवशावर राहिलो आणि 7,200 रुपयांना बुडालो.

गाडी वॅगनआर, सेकंडहँड घेतलेली, मीटरवर 80 हजारांच्या आसपास. एका रविवारी घरची सगळी जोतिबाला निघालो. केर्लीच्या पुढं चढ लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी मात्र पुढं सरकायला तयार नाही. वर पोचेपर्यंत जळका वास आत भरला. क्लच गेला, एवढं मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना कोल्हापुरातल्याच एका गॅरेजला गाडी टाकली. संध्याकाळी फोन आला, "साहेब, येऊन बघून जावा, मग म्हणू नका दाखवलं नाही." मी गेलो. वर्तमानपत्रावर एक क्लच प्लेट ठेवलेली, काळीकुट्ट, ऑइलनं भिजलेली. त्यानं माझं बोट धरून लायनिंगवरनं, म्हणजे प्लेटच्या पकड घेणाऱ्या थरावरनं, फिरवलं. लायनिंग धरून ठेवणाऱ्या रिव्हेटची डोकी लायनिंगच्या बरोबरीला आलेली. "रिव्हेट फ्लायव्हीलला, इंजिनच्या त्या जड चाकाला, घासायला लागलं की फ्लायव्हील पण जातंय. आणि ऑइल प्यालेली प्लेट पेट्रोलनं धुतली तरी सुधरत नाही, लायनिंगच्या पोटात मुरतंय ते." मागचा ऑइल सील पण गळतोय म्हणाला. मी मान डोलावली.

बिल साध्या कागदावर: क्लच सेट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग) 4,600, ऑइल सील 350, गिअर ऑइल 450, मजुरी 1,800. पैसे दिले, जुनी प्लेट पिशवीत घालून मागितली. त्यानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. मला वाटलं, माणूस सरळ आहे.

महिना-दीड महिना गाडी झकास चालली. मग सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरायला लागली. पुढच्या पंधरा दिवसांत पुन्हा तोच जळका वास. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "तुमचा पाय क्लचवरच असतोय सारखा." हे वाक्य ऐकून मी घरी आठवडाभर खरंच माझ्या पायाकडं बघत होतो.

मेहुण्यानं उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडं पाठवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. ज्या पेठेत ओतकाम, लेथ आणि ऑइल इंजिनं यांच्यावर दोन-तीन पिढ्या वाढल्या, तिथं व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय बोलणारा माणूस अजून कमी मान मिळवतो, हे तिथं गेल्यावर कळलं. मामांनी आधी काही खोललं नाही. क्लच केबलला सैलपणा आहे का ते बघितलं, कारण केबल ताठ राहिली तर चांगला क्लचही घसरतो. मग मला शेजारी बसवून सपाट रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरला हळू घेतली आणि एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आवाज चढला, स्पीडचा काटा तिथंच. "घसरतोय. खोलायला लागणार."

या वेळी मी रजा टाकून स्टुलावर बसून राहिलो.

गिअरबॉक्स खाली आला. मामांनी आतली धूळ हवेनं न उडवता ओल्या फडक्यानं पुसली, कारण जुन्या लायनिंगांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जायला नको. मग प्लेट उजेडात धरली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ही नवी म्हणून घातली व्हय तुम्हाला?"

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. लायनिंगवर पॉलिश पेपरचे आडवेतिडवे ओरखडे होते. वरचा भाग स्वच्छ, पण लायनिंगमधल्या खाचांच्या तळाशी जुनी काळी भुकटी घट्ट बसलेली. तापून गुळगुळीत, चकचकीत झालेलं लायनिंग असं घासलं की थोडे दिवस पकडतं, जाडी मात्र आणखी कमी होते. मामांनी व्हर्नियरची मागची पट्टी रिव्हेटच्या खड्ड्यात टेकवली, एकाच ठिकाणी नाही, दोन्ही बाजूंनी चार-चार ठिकाणी. नव्या प्लेटमध्ये रिव्हेट एक मिलिमीटरहून खोल असतं. वापराची हद्द गाडीगणिक 0.2 ते 0.5 मिलिमीटर अशी कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. माझ्या प्लेटला कुठं 0.2, कुठं 0.1, एका जागी तर काहीच नाही. प्लेट कानाजवळ हलवली तर मधल्या स्प्रिंगा खुळखुळल्या. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवली तर दातांत डुगडुगत होती. शिवाय प्रेशर प्लेटच्या तोंडावर तापल्याचे निळे डाग आणि तिच्या बोटांसारख्या पात्यांवर बेअरिंगनं घासून केलेलं चकाकतं कडं. म्हणजे सेटमधलं काहीच बदललं नव्हतं.

मग मी मोठ्या ऐटीत डिकीतनं माझी पिशवी आणली. म्हटलं, ही बघा जुनी, मी मागून घेतली होती.

मामांनी ती माझ्याच गाडीच्या शाफ्टवर सरकवायला घेतली. सरकेना. दात मोजले, जमत नव्हते. दोन्ही प्लेटा एकमेकींवर ठेवल्या तर पिशवीतली बोटभर मोठी. "ही तुमच्या गाडीत बसतच नाही, तर निघंल कुठनं?" आणि हाऊसिंगच्या आत टॉर्च मारून म्हणाले, "सील गळत असता तर हितं ऑइल दिसलं असतं. सगळं कोरडं ठणठणीत हाय."

त्या माणसानं मला प्लेट वाचायला अगदी बरोबर शिकवलं होतं. रिव्हेट, ऑइल, लायनिंग, सगळा शब्द न शब्द खरा. फक्त धडा दुसऱ्याच्या गाडीच्या प्लेटवर दिला. मी जुना पार्ट घेतला, पण तो माझ्या गाडीतनं निघताना बघितला नव्हता, आणि नव्याचा डबा तर मागितलाच नव्हता.

मामा एक गोष्ट परत परत सांगत होते आणि ती मला पटली. जुनी प्लेट पुन्हा बसवणं म्हणजे फसवणूक नव्हे. दुसऱ्याच कामासाठी गिअरबॉक्स उतरला, रिव्हेट पुरेसं खोल आहे, स्प्रिंगा घट्ट, दात शाबूत, ऑइलचा थेंब नाही, तर ते स्वतः तीच प्लेट परत बसवतात. हद्दीच्या जवळ आली असेल तर मात्र बदला म्हणतात, कारण प्लेटीपेक्षा पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा ताप मोठा. "त्यानं सांगितलं असतं, पुसून बसवतो, दोन महिनं निघतील, मजुरी द्या, तर मी त्याला नावं ठेवली नसती."

नवा सेट माझ्यासमोर डब्यातनं निघाला. मामांनी डब्यावरचा नंबर बिलावर लिहिला आणि बसवायच्या आधी प्लेट माझ्या गाडीच्या शाफ्टवर सरकवून दाखवली. फ्लायव्हील लेथवर फेसिंगला पाठवलं. जुन्या प्लेटवर मी खिळ्यानं खूण केली, म्हणजे घरी नेताना तीच आहे हे कळेल. आता मामांचा थोडा अपमानच होता तो, पण ते हसले.

पहिल्या गॅरेजवाल्याकडं गेलो. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर मला माहीत होता, पण हातात काय, तर गाडीचा नंबर, पार्टचा नंबर, जीएसटी, काहीही नसलेला कागद. तो आधी "आजकाल मालच तसला येतोय" म्हणाला, मग चहा मागवला, मग दीड हजार पुढं केले. मी घेतले. भांडायला पाहिजे होतं, असं बायको अजून म्हणते.

निघताना त्याचं लक्ष माझ्या हातातल्या, त्यानंच दिलेल्या प्लेटच्या पिशवीकडं गेलं. "ती प्लेट राहू दे हितंच," म्हणाला आणि हात पुढं केला. भंगारात किलोवर जाणारा तो तुकडा त्याला कशाला हवा होता, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन सेकंद लागले. मी दिली नाही. आता ती आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेली आहे.