बीसीएमचे दोष शोधताना: स्कॅनरच्या आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाडीतील सर्व मॉड्यूलमधील, म्हणजे वेगवेगळी कामे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकांमधील, दोष वाचणारा स्कॅनर मी गेल्या जूनमध्ये १४,५०० रुपयांना घेतला. माझ्या सात वर्षे जुन्या हॅचबॅकचे वायपर भर पावसात मध्येच थांबत, हेडलाइट अधूनमधून मंदावत आणि रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी हात न लावता सेंट्रल लॉक खटखट वाजे. कोथरूड परिसरातील एका वर्कशॉपने बीसीएम, म्हणजे दिवे, वायपर, काचा आणि लॉक यांचा कारभार पाहणारे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, निकामी झाल्याचे सांगितले आणि नवे मॉड्यूल व चावी जुळवणे मिळून २८,००० रुपयांचा अंदाज हाती दिला. तो अंदाज देण्याआधी एकाही तारेवर मीटर लावला गेला नव्हता, हे मला पटले नाही.

त्याआधी माझ्याकडे एक स्वस्त ब्लूटूथ डोंगल होते. अशी डोंगल आणि त्यांची साधी ॲप इंजिन व उत्सर्जनाशी संबंधित, ‘पी’ने सुरू होणारे दोषांचे कोडच बहुधा वाचतात. बॉडीचे ‘बी’ कोड आणि मॉड्यूलांचा आपसातील संपर्क तुटल्याचे ‘यू’ कोड वाचायला कंपनीनिहाय माहिती असलेला स्कॅनर लागतो. नव्या स्कॅनरने पहिल्याच दिवशी ‘यू ०१४०’ दाखवला. बीसीएमशी संपर्क तुटला, असा त्याचा अर्थ आहे. मात्र ही तक्रार बीसीएमची स्वतःची नसते, त्याचा आवाज ऐकू न आलेले दुसरे मॉड्यूल ती नोंदवते. त्यामुळे मॉड्यूल बिघडले, त्याला वीज पोहोचली नाही, अर्थ (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली ऋण तार) सुटली किंवा मधली तार तुटली, तरी कोड हाच येऊ शकतो. मॉड्यूल बदलण्याचा निर्णय केवळ एवढ्यावर घेणे मला फार घाईचे वाटते.

म्हणून बॅटरीची तार काढून स्कॅनर जोडतात त्या डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला. कॅन बसच्या, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या तारांच्या जोडीच्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, त्यामुळे तार शाबूत असेल तर तिथे ६० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा, आणि तो तसा आला. उरले वीज आणि अर्थ. स्कॅनरची खरी किंमत मला इथे कळली, कारण ॲक्टिव्ह टेस्टमधून तो बीसीएमला थेट हुकूम देतो. मल्टिमीटरचे एक टोक बीसीएमच्या अर्थ पिनवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून मी आधी हेडलाइट, मग वायपर, मग मागच्या काचेचा हीटर चालू करवला. प्रत्येक हुकुमासरशी आकडा चढत ०.९२ व्होल्टवर गेला. चांगल्या अर्थवर तो ०.१ व्होल्टच्या आत राहायला हवा.

डाव्या बाजूचे, पायाजवळचे पॅनेल उघडले, तर अर्थच्या बोल्टखालच्या कड्यावर हिरवा कळंक चढलेला होता आणि पॅनेलमागचा फोम ओलसर होता. वर शोध घेतल्यावर पुढच्या काचेखालची पाणी निघून जाण्याची वाट गुलमोहराच्या पाल्याने तुंबलेली सापडली, पावसाचे पाणी तिथूनच आत झिरपत होते. वाट मोकळी केली, कडे पॉलिश पेपरने लख्ख घासले, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली आणि आकडा ०.०४ वर आला. जुने बीसीएम आजही गाडीत आहे आणि उरलेल्या पावसाळ्यात त्याने एकदाही त्रास दिला नाही.

दुसरा प्रसंग शेजारच्या काकांच्या सेडानचा. तिची बॅटरी दोन दिवसांत उतरत असे. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे त्या क्षणीच्या नोंदींमध्ये, मागचे डावे दार बंद असूनही ‘उघडे’ दिसत होते, आणि दार व खांब यांच्यामधल्या रबरी नळीला हात लावला की नोंद बदलत असे. आतली तार आवरणाच्या आत तुटली होती, बाहेरून पाहून ते कळलेच नसते. या कामात एक चूक माझ्याकडून झाली. बंद गाडीचा वीजवापर मोजताना स्कॅनर सॉकेटला तसाच राहिला, त्यामुळे मॉड्यूल झोपी गेलीच नाहीत आणि मी संध्याकाळभर खोट्या आकड्याच्या मागे लागलो. स्कॅनर काढून, गाडी कुलूपबंद करून सुमारे अर्धा तास थांबल्यावर आकडा घ्यावा. साधारणपणे तो ५० मिलिअँपिअरच्या आत असला पाहिजे.

स्कॅनरविषयी माझ्या तक्रारीही आहेत. भारतीय बाजारातील मॉडेलांची माहिती त्यात असमान आहे. एका गाडीत बीसीएमचे सगळे आकडे दिसतात, तर दुसरीत कोडपलीकडे काहीच नाही. कोडचे वर्णनही कित्येकदा इतके त्रोटक असते की वायरिंगचा नकाशा वेगळा मिळवावा लागतो. कोडिंगच्या, म्हणजे मॉड्यूलची सेटिंग बदलण्याच्या, पर्यायाला मी हात लावलेला नाही. मध्येच व्होल्टेज पडले तर चांगले मॉड्यूल निकामी होऊ शकते, आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा चार्जर माझ्याकडे नाही.

येत्या जूनमध्ये अपडेटचे वार्षिक शुल्क भरावे लागेल. माझ्या गाडीसाठी आहे तेवढी माहिती पुरेशी असल्याने मी ते भरणार नाही, त्या पैशांतून तो चार्जर घेणार आहे.