डीसीसी-ईएक्स : साध्या डीसी लेआउटवर मोबाइलवरून नियंत्रण

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा दुहेरी झाला असला, तरी तेथून पुढे गाड्या एकेरी मार्गावरच धावतात आणि स्टेशनातल्या लूप लाइनवर थांबून समोरच्या गाडीला वाट देतात. हे क्रॉसिंग ज्याला आपल्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे घरी मांडलेल्या छोट्या रुळांवर, खरेखुरे दाखवायचे आहे, त्याची साध्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) पॉवर पॅकवर फार कुचंबणा होते, कारण तेथे रुळांतील व्होल्टेजच इंजिनाचा वेग ठरवते आणि त्या रुळांवरची सगळी इंजिने एकदमच चालतात किंवा एकदमच थांबतात. रुळांचे विजेच्या दृष्टीने वेगळे भाग, म्हणजे ब्लॉक, पाडून प्रत्येकाला स्विच बसवला की मार्ग निघतो. परंतु मग चालवणाऱ्याचे लक्ष गाडीवर न राहता स्विचांवरच राहते. माझ्या रत्नागिरीतील एचओ (१:८७ प्रमाणाच्या) लेआउटवर डीसीसी-ईएक्स ही प्रणाली बसवल्यानंतर ही अडचण दूर झाली.

डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर सतत पूर्ण व्होल्टेज असते. विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते आणि त्या पालटण्याच्या कालावधीतच संदेश दडलेला असतो : अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो १, आणि १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांचा असेल तर ०. इंजिनात बसवलेले छोटे सर्किट, म्हणजे डिकोडर, आपल्या पत्त्यावर (ठरवून दिलेल्या क्रमांकावर) आलेला संदेश तेवढा उचलतो. हे मानक अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने सर्वांसाठी खुले ठेवलेले असल्याने डिकोडर कोणत्याही उत्पादकाचा असला तरी चालतो.

डीसीसी-ईएक्स ही स्वयंसेवकांनी उभारलेली, मोफत मिळणारी प्रणाली आहे. तिला लागणारे सामान म्हणजे अर्डुइनो मेगा हा छोटा संगणकीय बोर्ड, त्यावर बसणारे आणि रुळांना वीज पुरवणारे मोटर शील्ड आणि वायफायसाठी ईएसपी-८२६६ हे मॉड्यूल. हे सारे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा टपालाने सहज मिळते आणि त्याचा एकूण खर्च एका चांगल्या साऊंड डिकोडरपेक्षा (इंजिनाचा आवाजही काढणाऱ्या डिकोडरपेक्षा) कमी येतो. परदेशी तयार संचाची किंमत आणि त्यावरील आयातशुल्क ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. जोडणीत एक काम मात्र विसरून चालणार नाही. मोटर शील्डच्या खालच्या बाजूला असलेली ‘व्हीआयएन कनेक्ट’ ही जोडपट्टी कापावी लागते, नाहीतर रुळांसाठी दिलेले १४-१५ व्होल्ट थेट मेगा बोर्डावर जातात.

जुना पॉवर पॅक रुळांपासून पूर्णपणे सोडवला पाहिजे. ब्लॉकच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला डीसीसी अशी स्थिती क्षणभरही येऊ देऊ नये, कारण चाकांनी ती फट जोडली की दोन्हींचे नुकसान होऊ शकते. ब्लॉकचे स्विच काढण्याची गरज नाही; ते सगळे चालू ठेवले की पुरे. वायरिंगकडे मात्र नव्याने पाहावे लागते. घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तार लेआउटखालून फिरवून रुळांच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून स्वतंत्र फीडर (वीज पोचवणारी छोटी तार) द्यावा आणि मग ठिकठिकाणी रुळांवर नाणे आडवे ठेवून पाहावे. नाणे ठेवताच प्रणालीने वीज तोडली नाही, तर त्या जागेची वायरिंग अपुरी आहे असे समजावे.

किनारपट्टीवरील लोकांनी वायरिंगच्या या कामाकडे विशेष लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खाऱ्या, दमट हवेत रुळांचे जोड लवकर काळे पडतात. साध्या डीसीवर इंजिन अशा जागी थोडे अडखळून पुढे जाते. डीसीसीवर मात्र डिकोडरची वीज तुटली की तो नव्याने सुरू होतो आणि साऊंड असलेले इंजिन भर वेगात मुके होते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने रूळ पुसणे आणि शक्य तेथे डिकोडरला कीप-अलाइव्ह कपॅसिटर (वीज क्षणभर तुटली तरी पुरवठा टिकवणारा) जोडणे हे दोन्ही उपाय पावसाळ्यात अपरिहार्य आहेत.

पावसाळ्यातच वीज वारंवार जाते, आणि तेथे या प्रणालीची एक सोय मनापासून आवडली. वीज परत आल्यावर रुळांवरील पुरवठा आपोआप सुरू होत नाही. तो मोबाइलवरून सुरू करावा लागतो. त्यामुळे घाटात थांबलेली गाडी परस्पर निघत नाही. डिकोडरचा सीव्ही २९ (त्याच्या क्रमांकित सेटिंगांपैकी एक) बहुधा ६ असतो. तो २ केल्यास डीसीवर चालण्याची मुभा बंद होते आणि इंजिन अनपेक्षितपणे धावण्याची शक्यता आणखी कमी होते.

चालवण्यासाठी अँड्रॉइड मोबाइलवर ‘इंजिन ड्रायव्हर’ हे मोफत ॲप आहे. प्रणाली स्वतःचे वायफाय तयार करते, म्हणून घरात राउटर नसला तरी अडत नाही. मात्र त्या वायफायवर इंटरनेट नसल्याने मोबाइल मध्येच दुसरीकडे जातो, म्हणून मोबाइल डेटा बंद ठेवावा. दोन व्यक्तींनी दोन मोबाइल घेतले, की एकाने आपली गाडी लूप लाइनवर उभी करायची आणि दुसऱ्याने मुख्य मार्गावरून आपली गाडी पुढे काढायची. याच क्रॉसिंगसाठी हा सारा खटाटोप आहे, आणि तो सार्थकी लागतो. पडद्यावरच्या पट्टीला खऱ्या गोल बटणाचा स्पर्श येत नाही, ही उणीव खरी आहे. मोबाइलची आवाजाची बटणे वेगासाठी वापरता येतात, त्याने ती काहीशी भरून निघते.

मर्यादाही आहेत. साध्या मोटर शील्डवर सुमारे दीड अँपिअर इतकाच प्रवाह मिळतो, म्हणजे एचओची तीन-चार इंजिने. मोठ्या लेआउटसाठी अधिक क्षमतेचा मोटर ड्रायव्हर घ्यावा लागेल. सगळी माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे आणि ती नीट वाचल्याशिवाय हात घालू नये.

डिकोडर नसलेली जुनी इंजिने डीसीसीच्या रुळांवर उभी करू नयेत, कारण त्यांची मोटर गुणगुणत तापते. त्यांच्यासाठी डीसीसी-ईएक्सच्या पाचव्या आवृत्तीपासून चांगली सोय आहे : मोटर शील्डचे दुसरे, एरवी डिकोडरच्या प्रोग्रामिंगसाठी (सेटिंग बदलण्यासाठी) असलेले आउटपुट डीसी म्हणून लावता येते आणि त्याला पत्ता देऊन त्याच मोबाइलवरून वेग बदलता येतो. मात्र तेवढा काळ ते आउटपुट प्रोग्रामिंगसाठी मिळत नाही, आणि त्याला जोडलेल्या शाखेचे दोन्ही रूळ मुख्य मार्गापासून तोडलेले असले पाहिजेत. एक रूळ सामाईक ठेवलेल्या जुन्या लेआउटवर हे बारकाईने तपासावे. ज्यांच्याकडे इंजिने बरीच आणि पैसा मोजका आहे, त्यांनी आधी क्रॉसिंगच्या दोन इंजिनांनाच डिकोडर बसवावेत आणि बाकीची या डीसी शाखेवर चालवावीत.