बीपेल की सीडीएल: सूत्रं कुणाच्या हाती?

बीपेल म्हणजे वेगवेगळ्या वेब-सेवा जोडून एक काम पार पाडायची भाषा. त्यात एकच सूत्रधार असतो. ऑर्डर आली की तोच विक्रेत्याची सेवा बोलावतो, मग वाहतूकदाराची. गाडी मिळाली नाही तर कॉम्पेन्सेशन हँडलर (झालेलं काम उलटवणारा भाग) चालवून आधीची खरेदी रद्दही तोच करतो. गाडं कुठे अडलंय ते एका जागी दिसतं. पण खरेदीदार, विक्रेता आणि वाहतूकदार अशा तीन कंपन्यांत हा सूत्रधार कुणाच्या सर्व्हरवर बसवायचा? इथेच घोडं पेंड खातं.

डब्ल्यूएस-सीडीएल, म्हणजे सीडीएल, ही सेवांमधल्या संवादाचं वर्णन करायची भाषा. त्यात मालक कुणीच नाही. कोणता संदेश कुणी, कुणाला, कधी धाडायचा एवढाच करार. कल्पना मला तरी जास्त पटते, पण करार स्वतः चालत नाही. कोड ज्याचा त्यानेच लिहायचा. बीपेल २.० ला २००७ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली. सीडीएल मात्र डब्ल्यू३सी या वेब-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००५ च्या उमेदवार-शिफारशीपुढे, म्हणजे अंतिम मान्यतेआधीच्या टप्प्यापुढे, सरकलंच नाही.