मुलाबरोबर आई-बाबांनाही चटईवर बसवणारं सांगलीतलं थेरपी सेंटर

मुलाला आत सोडून बाहेरच्या बाकावर मोबाईल बघत बसायचं असेल, तर कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलतं करणाऱ्या या सेंटरला जाऊ नका. इथं पालकाला बाहेर बसूच देत नाहीत. चटईवर मुलासमोर आपण बसायचं, थेरपिस्ट मॅडम बाजूला, आणि पाऊण तास बोलायचं ते आपणच. मला हेच सगळ्यात जास्त पटलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही तासगावचे. लेक आता अडीच वर्षांची आहे, दोन्ही कानांना ऐकायचं मशीन आहे. जन्मली त्या दवाखान्यात कानाची तपासणी झालीच नाही. पुढं "आपल्यात पोरं उशिराच बोलतात" हे सगळ्यांकडून ऐकण्यात महिने गेले आणि बेरा टेस्ट (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) झाली तेव्हा वर्ष उलटलं होतं. सेंटरच्या भिंतीवर तक्ता आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मदत सुरू. तो वाचून माझ्या पोटात गोळा आला. मॅडमनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. उशीर झालाय हे स्पष्ट सांगितलं, आणि मग अमेरिकेतल्या मेरी पॅट मोलर यांचा २००० सालचा अभ्यास सांगितला. ऐकू न येणाऱ्या किंवा कमी येणाऱ्या ११२ मुलांची पाचव्या वर्षीची भाषा त्यांनी तपासली होती. अकरा महिन्यांच्या आत मदत सुरू झालेली मुलं पुढं होतीच, पण त्याहून जास्त फरक घरचे किती सहभागी आहेत यानं पडलेला दिसला. "गेलेलं वय परत आणता येत नाही, पण घर तुमच्या हातात आहे," एवढं बोलून त्यांनी मला बसायला सांगितलं.

चित्रांची कार्डं इथं फारशी निघत नाहीत. आमच्या पुढ्यात आली ती मटारच्या शेंगांची परडी. "घरी सोलता तशाच सोला, फक्त बोलत सोला." मी "हे काय? सांग, हे काय?" सुरू केलं की मॅडम हळूच थांबवायच्या. मुलाची परीक्षा घ्यायची नाही. ते जिकडं बघतंय त्याबद्दल बोलायचं. तिनं दाणा उचलला की "दाणा सापडला, हिरवा दाणा!", वाटीत टाकला की "पडला!" आणि बोलून झालं की गप्प राहायचं. हे गप्प राहणं फार अवघड जातं, कारण आपल्याला घाई असते आणि मुलाला ऐकलेलं उमजायला वेळ हवा असतो. अशाच एका शांततेत लेकीनं वाटीत बघून "पल्ला" म्हटलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला फक्त खुणावलं, अजून एक दाणा टाका. टाकला. पुन्हा "पल्ला!" मी त्या चटईवरच रडले.

मशीनची निगाही आई-बाबांकडूनच करून घेतात. रोज सकाळी तिच्या मागं उभं राहून, तोंड दिसू न देता, सहा आवाज काढायचे: म, ऊ, आ, ई, श, स. ऐकू आला की तिनं शेंगदाणा डब्यात टाकायचा. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्याची सगळी पट्टी यात तपासून होते. पावसाळ्यात एका सकाळी श आणि स ला ती ढिम्म हलली नाही. बघितलं तर मोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या मापाच्या साच्याच्या, नळीत पाण्याचा थेंब अडकलेला. छोट्या पंपानं फुंकून काढला आणि शेंगदाणे पुन्हा डब्यात पडायला लागले. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, नवीन बॅटरीचं स्टिकर काढल्यावर ती मिनिटभर तशीच ठेवून मग बसवायची, हे सगळं इथं कळलं. मशीन घेतलं त्या दुकानात पावती सोडून काही मिळालं नव्हतं.

सासूबाईंनाही त्यांनी बोलावून घेतलं, कारण दिवसभर लेक त्यांच्याजवळ असते. आता टीव्ही बंद केल्याशिवाय त्या नातीशी बोलायला घेत नाहीत, आणि लांबून हाक मारण्याऐवजी जवळ येऊन बोलतात. ह्यांना मॅडमनी वेगळंच काम दिलं: कुठं निघालोय ते गाडीला किक मारायच्या आधी सांगायचं. चालत्या गाडीवर वाऱ्याच्या आवाजात मशीनमधून धड काही कळत नाही.

आता कमी काय ते. वेळ फक्त अकरा ते चार. बेदाण्याच्या हंगामात ह्यांना शेडवरून निघताच येत नाही, नोकरीवाल्या बाबांचीही तीच गत. रविवारी एक तरी बॅच ठेवायलाच हवी. दुसरं म्हणजे मोल्ड. मूल वाढतं तसा कान वाढतो, मोल्ड सैल होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. माप इथं घेतात, पण नवीन मोल्ड बाहेरगावाहून येतो आणि तोवर सुटत नाही ती शिट्टी.

सगळ्यात मोठी उणीव मात्र वेगळी आहे. एवढ्या सेंटरमध्ये ऐकू न येणारं एकही मोठं माणूस मला भेटलं नाही. अशा बहुतेक मुलांचे आई-वडील आमच्यासारखे ऐकणारे असतात. आमच्या ओळखीत कुणी नसतं. शिकलेली, नोकरी करणारी, स्वतःचं घर चालवणारी एखादी बहिरी बाई महिन्यातून एकदा आमच्यासमोर बसली, तर किती प्रश्न तिलाच विचारता येतील. खुणांची भाषाही इथं शिकवत नाहीत. अंघोळीला आणि झोपताना मशीन काढलेलं असतं, तेव्हा लेकीशी बोलायचं कसं? मी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशातले व्हिडिओ बघून शिकतेय. दहा हजारांच्या वर शब्द आहेत त्यात. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी अडवलं नाही, पण पुढाकारही घेतला नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. युडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज भरायला मदत करतात, मशीन आणि कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) यांसाठीच्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेची माहितीही नीट देतात. जाताना बेरा टेस्टचा रिपोर्ट, जादा बॅटऱ्या, मुलाची रोजची वाटी-चमचा न्या, आणि दिवसभर मूल ज्यांच्याजवळ असतं त्यांना पहिल्याच दिवशी सोबत घेऊन जा.