पंथ नाही, पोथी नाही, पावतीही नाही

'आमचा कुठलाच पंथ नाही' असं सांगत बेळगाव-खानापूरकडे एक मंडळ लोक जमवतंय, म्हणून हे लिहितोय. अंगारे-ताईत देणारा बाबा लांबूनच ओळखू येतो, आणि त्याच्यासाठी कर्नाटकात २०१७ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. ही मंडळी त्यात सापडत नाहीत. चमत्कार नाही, मूर्ती नाही, 'तुमचं सत्य तुमचं, माझं माझं' एवढंच.

टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये रविवारी बैठक असायची. खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये साधी समईसुद्धा नाही. थोडा वेळ शांत बसायचं, मग ज्याला वाटेल त्यानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. नंतर चहा-चिरमुरे. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? आमच्याकडे दुकानाच्या पाटीवरून भांडणं होतात, १ नोव्हेंबरला कुणी राज्योत्सव करतं तर कुणी काळा दिन पाळतं. इथं कन्नड अज्जी शेजारी बसून मराठी ऐकायच्या आणि मान डोलवायच्या. जात कुणी विचारली नाही. माझी अक्का निवृत्त शिक्षिका, ती यावरच भाळली.

चालकांना सगळे 'दादा' म्हणायचे, गुरू म्हटलं की ते रागवायचे. दोन दाखले त्यांच्या तोंडी कायम असत. एक अमेरिकेतल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट या उदारमतवादी धर्मसंघाचा, ज्याच्यात श्रद्धेची अट नाही. दुसरा आपल्या जमखंडीच्या विठ्ठल रामजी शिंद्यांचा, जे १९०१ मध्ये युनिटेरियनांच्या मदतीनं ऑक्सफर्डला धर्म शिकायला गेले. दोन्ही खरे, पण पुढचं दादा सांगत नसत. त्या अमेरिकन मंडळ्यांत धर्मोपदेशकाला सभासदच मतदानानं नेमतात आणि मतदानानंच काढू शकतात. क्वेकर या ख्रिस्ती पंथालाही ठराविक श्रद्धापत्रक नाही, तरी त्यांच्या सभेचं इतिवृत्त लिहिलं जातं, खजिनदार असतो. आमच्या दादांना काढायचं कुणी? 'नियम आले की पंथ झाला,' म्हणून नियमच नव्हते. म्हणजे दादांच्या मनात येईल तो नियम.

खानापूर तालुक्यात 'साधनाग्राम' होणार होतं, म्हातारपणी राहायला खोली मिळणार होती. अक्कानं निवृत्तीच्या पैशातून तीन लाख दिले, मी दीड. निम्मे रोख. स्टॅम्प पेपरवरचा मजकूर कन्नडमध्ये होता आणि 'नुसती फॉर्मॅलिटी' म्हणून सह्या घेतल्या. पुढे भाच्यानं वाचून दाखवला: स्वखुशीची देणगी, परत मागण्याचा हक्क नाही. खोलीचं नाव नाही. आणि गोम तिथंच आहे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात रोख, वस्तू किंवा सेवेच्या रूपानं परत करायच्या बोलीवर घेतलेला पैसा ठेव धरला जातो. देणगीला तो लागत नाही. कागद लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असणार.

अक्कानं एका रविवारी सगळ्यांसमोर पावती मागितली. दादांचा आवाज जराही चढला नाही.

"अक्का, ही भीती कुठून येतेय? आपण सगळे मिळून बघूया."

मग वर्तुळातला एकेक जण अक्काच्या भीतीबद्दल बोलू लागला. मध्ये बोलायचं नाही हा नियम तेवढा होता. अक्का मांडीवरच्या पर्सची चेन उघडत-मिटत ऐकत राहिली. "तुमच्यातली मास्तरीण अजून गेली नाही," असं एकजण म्हणाला, लोक हसले. पावती मिळाली नाहीच. पुढे खोलीबद्दल विचारलं तर खोली ही आसक्ती ठरली, आणि 'माझं सत्य बदललं' हे वर.

माळकरी मटण खाताना दिसला तर गावातलं पोरगंही त्याला टोकतं, कारण माळेचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. ज्यानं कशालाच शब्द दिलेला नाही, त्याला कशावर धरायचं?

जमिनीचं तरी बघावं म्हणून भाच्यानं सर्व्हे नंबर मिळवून 'भूमी' या कर्नाटकच्या सरकारी साइटवर आरटीसी, म्हणजे आपला सातबारा, काढली. तीन एकर, दादांच्या बायकोच्या नावावर, बिनशेती झालेली नाही. 'ट्रस्टच्या नावावर शेतजमीन होत नाही' ही सबब. पूर्वी ती चालली असती, पण कर्नाटकानं २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातलं ट्रस्टला शेतजमीन घेऊ न देणारं ७९-ब कलमच काढून टाकलं.

पोलिसांनी आधी 'दिवाणी मामला' म्हणून वाटेला लावलं. खोलीचे आकडे लिहिलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि बँकेतून गेलेल्या निम्म्या रकमेचं स्टेटमेंट जोडल्यावर अर्ज घेतला. रोख दिलेल्याचा पुरावा नाही. देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी असलेली संस्था देणगीचं प्रमाणपत्र देते, तशी नोंदणी आहे का ते आधी विचारा, आणि कन्नड कागद दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. मंडळाचं नाव आता बदललंय, बैठका निपाणीकडे भरतात असं कळतं. तुमच्याकडेही असे मेसेज असतील तर डिलीट करू नका, अर्जाला जोडता येतील.