लॅपटॉपची जागा वाढवायची आहे: पोर्टेबल हार्ड डिस्क की एसएसडी?

लॅपटॉपची आतली एसएसडी (चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे बदलता न येणारी असली की बाहेरून ड्राइव्ह जोडण्यावाचून इलाज नाही. मी आधी अडीच इंची हार्ड डिस्क वापरली, आता पोर्टेबल एसएसडी वापरतो.

एसएसडी घ्या म्हणणारे सगळे वेगावर बोट ठेवतात. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 ते 140 एमबी देते, साधी एसएसडी 400 च्या पुढे जाते. पण सिनेमे आणि जुने फोटो ठेवायला हार्ड डिस्कचा वेग पुरतो. तेवढ्यासाठी मी ती सोडली नसती.

सोडली ती तिच्या झोपेपायी. थोडा वेळ काम नसलं की डिस्क फिरायची थांबते. मग डिस्कशी संबंध नसलेली, डेस्कटॉपवरची एखादी फाइल सेव्ह करायला जावं, तर सेव्हची विंडो उघडताना विंडोज सगळे ड्राइव्ह चाचपतं आणि डिस्क जागी होऊन पुरता वेग घेईपर्यंत काही सेकंद सगळं ठप्प. पॉवर सेटिंगमध्ये डिस्क बंद न करण्याचा पर्याय निवडूनही माझ्याकडे फरक पडला नाही; बऱ्याच डिस्कमध्ये ही वेळ त्यांच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच ठरलेली असते. वाक्य डोक्यात असताना असं थांबावं लागलं की ते निसटतं, आणि हे दिवसभर चालतं. तुमची डिस्क कदाचित इतकी झोपाळू नसेल. एसएसडीत मात्र फिरणारं काही नसल्याने हा ताप मला पुन्हा झालेला नाही.

हार्ड डिस्कचं पारडं जड आहे ते किमतीत: तेवढ्याच पैशांत जागा बरीच जास्त मिळते. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवणं बरं नव्हे, डेटा धरून ठेवणारा तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो. स्वस्त एसएसडीत एका दमात खूप मोठा डेटा कॉपी केला की कॅश (आतली वेगवान तात्पुरती जागा) भरते आणि वेग धाडकन उतरतो, हेही धरून चाला.

त्यामुळे नुसता साठा करायचा असेल तर हार्ड डिस्क खुशाल घ्या. पण ड्राइव्ह दिवसभर जोडलेला राहणार असेल, तर निम्मी जागा पत्करूनही मी एसएसडीच घेईन. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वापरणार असाल तर एक्सफॅट या दोन्हींना चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा. आणि लॅपटॉपमधून हलवलेल्या फाइलची ड्राइव्हवरची प्रत एकुलती एक असते, तेव्हा दुसरी प्रत हवीच. तिच्यासाठी माझी जुनी हार्ड डिस्क अजून चोख काम करते.